राष्ट्रीय उद्यानातील मुक्काम : योसेमिटीच्या तळावरील व्यवस्था

वनात जाऊन सायंकाळी परत येणे वेगळे आणि वनात रात्र काढणे वेगळे. दिवसा येणारा प्रवासी पाहतो आणि निघून जातो. मुक्कामाला राहणाऱ्यास मात्र पाणी हवे, चूल हवी, शौचकूप हवा, उजेड हवा आणि उरलेसुरले टाकण्यास जागाही हवी. एका कुटुंबाच्या या गरजा लहान असतात. पण अशी शेकडो कुटुंबे एकाच ठिकाणी उतरली, की वनात एक छोटे गावच वसते. हे गाव दर दोन-तीन दिवसांनी बदलते. त्यातील रहिवाशांना एकमेकांची ओळख नसते आणि त्या भूमीच्या सवयीही ठाऊक नसतात. ज्या वनश्रीच्या ओढीने लोक येतात तीच त्यांच्या मुक्कामामुळे नष्ट होऊ नये, यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न आज जगातील प्रत्येक राष्ट्रीय उद्यानासमोर आहे.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव ज्या मोजक्या ठिकाणी जमा झाला आहे, त्यांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा समावेश करावा लागेल. तेथील मुक्कामाच्या तळांवर गेली शंभराहून अधिक वर्षे प्रवासी राहत आहेत. या काळात व्यवस्थापनाकडून अनेक चुका झाल्या, त्यांची किंमत मोजावी लागली आणि त्यांतूनच आजचे नियम तयार झाले. वनपर्यटनाशी संबंधित अधिकारी, सहली नेणारे शिक्षक आणि अभयारण्यांच्या सीमेवरील ग्रामपंचायतींचे सदस्य यांना हा अनुभव उपयुक्त ठरावा असा आहे.

खोरे आणि तळ

योसेमिटीचे खोरे सॅन फ्रान्सिस्को शहरापासून सुमारे ३०० किलोमीटरवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत आहे. १८६४ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने हे खोरे आणि मॅरिपोसा येथील महावृक्षांची राई लोकांच्या उपयोगासाठी राखून ठेवण्याच्या अटीवर कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करण्यात आली. भोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान १८९० मध्ये झाले, तर १९०६ मध्ये खोरेही त्या उद्यानात सामील झाले. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन करणाऱ्या कायद्याने तिच्यावर दोन कर्तव्ये सोपविली : निसर्ग व वन्यजीव यांचे जतन करणे आणि लोकांना त्यांचा आनंद मिळवून देणे, मात्र हा आनंद अशा रीतीने द्यावयाचा, की पुढील पिढ्यांसाठी तो ठेवा अबाधित राहील. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात लिहिणे सोपे होते, एकाच भूमीवर पार पाडणे अवघड ठरले.

उद्यानाचे क्षेत्र तीन हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. खोरे मात्र अवघे बारा किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि मधून वाहणारी मर्सेड नदी. सातशे मीटरहून अधिक उंचीचा योसेमिटी धबधबा, एल कॅपिटनचा सुमारे नऊशे मीटरचा सरळ कडा आणि हाफ डोमचा प्रचंड अर्धगोल सुळका हे सारे याच चिंचोळ्या पट्टीतून दिसते. त्यामुळे वर्षाला सुमारे चाळीस लाख प्रवासी उद्यानात येत असले, तरी त्यांतील बहुसंख्यांची पावले या खोऱ्याकडेच वळतात. २०१६ मध्ये तर ही संख्या पन्नास लाखांच्या वर गेली होती.

संपूर्ण उद्यानात मुक्कामाचे तेरा तळ आहेत. खोऱ्यात अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स हे तीन तळ आणि गिर्यारोहकांचा कॅम्प फोर हा चौथा. दोनशेहून अधिक जागा असलेला अप्पर पाइन्स हा यांतील सर्वांत मोठा तळ. तो वर्षभर चालू असतो. पाइन, सीडर आणि ओक यांच्या छायेत आखलेल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. तेथे एक लाकडी मेज व बाके, शेकोटीसाठी लोखंडी कडे, अन्न ठेवण्यासाठी एक भक्कम लोखंडी पेटी आणि मोटार उभी करण्यास थोडीशी जागा, एवढेच साहित्य मिळते. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह जवळ असते. स्नानगृहे तळावर नाहीत. विजेची जोडणीही नाही. तंबू, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी हे सर्व प्रवाशाने स्वतः आणावयाचे. सोयी मुद्दामच मर्यादित ठेवल्या आहेत. कारण सोयी वाढल्या की बांधकाम वाढते आणि बांधकामाबरोबर सांडपाणी, रस्ते व दिवेही येतात.

मुळांचा प्रश्न

आज तळावर दिसणारी शिस्तबद्ध आखणी पहिल्यापासून नव्हती. १९१३ मध्ये उद्यानात मोटारींना परवानगी मिळाली आणि प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढू लागली. ज्याला जेथे सावली दिसेल तेथे तो मोटार नेई आणि तेथेच तंबू ठोकी. कुरणांतून चाकोऱ्या पडल्या. काही वर्षांनी तळांवरील जुने वृक्ष निस्तेज दिसू लागले. त्यांच्यावर कुऱ्हाड चाललेली नव्हती, आगही लागलेली नव्हती.

याचे कारण एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी शोधून काढले. कॅलिफोर्नियातील वनांत मुक्कामाच्या जागांची पाहणी करून त्यांनी दाखवून दिले, की नुकसान जमिनीच्या वर होत नसून जमिनीच्या आत होत आहे. मोटारींच्या चाकांनी आणि माणसांच्या सततच्या वावराने माती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि पृष्ठभागाजवळची बारीक मुळे गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. ते काही वर्षे तग धरते आणि मग वठते. तोपर्यंत पायाखाली तुडविली गेलेली रोपेही नाहीशी झालेली असतात. त्यामुळे जुन्या झाडाची जागा घेण्यास नवे झाड उरत नाही.

प्रवाशांना बंदी करणे हा यावरील उपाय नव्हता. त्यांचा वावर ठराविक जागी बांधून टाकणे, हे माइनेके यांनी सुचविले. १९३२ मध्ये त्यांनी मांडलेल्या धोरणाचे सार थोडक्यात असे : तळावरील रस्ते अरुंद आणि एकाच दिशेने जाणारे असावेत. प्रत्येक जागेला रस्त्यापासून आत जाणारा एक छोटा फाटा असावा आणि मोटार त्या फाट्यातच उभी राहावी. दगड आणि ओंडके असे रोवावेत, की गाडी पुढे जाऊच शकणार नाही. मेज आणि चूल जमिनीत पक्की बसवावी, म्हणजे माणसे रोज नवी जागा तुडविणार नाहीत. दोन जागांच्या मध्ये झुडपांचा आडोसा राखावा. मंदीच्या त्या दशकात बेकार तरुणांसाठी उभारलेल्या श्रमदलाच्या हातून अमेरिकेत ठिकठिकाणी या पद्धतीचे तळ तयार झाले. आज जगभर जे तळ आढळतात, त्यांच्या आखणीत हे तत्त्व प्रत्ययास येते. पहारेकरी जवळ नसतानाही नियम पाळला जावा, अशी ही रचना आहे.

जागा मिळते कशी?

खोऱ्यातील जागा मर्यादित आणि मागणी अमर्याद, अशी स्थिती असल्याने जागांचे वाटप हा व्यवस्थापनाचा मोठा भाग झाला आहे. बहुतेक जागांचे आरक्षण शासकीय संकेतस्थळावर काही महिने आधी खुले होते. उन्हाळी हंगामातील जागा आरक्षण सुरू होताच काही मिनिटांत संपतात. काही जागांसाठी अलीकडे सोडतीचाही अवलंब करण्यात आला आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही सकाळी घड्याळाकडे डोळे लावून हे आरक्षण करण्याचा अनुभव अपरिचित नाही.

एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसांनी राहावे, असा नियम आहे. एकाच प्रवाशाने जागा अडवून ठेवू नये म्हणून मुक्कामाच्या दिवसांवरही मर्यादा आहे. वर्षभरात तीस रात्रींहून अधिक काळ कोणालाही राहता येत नाही. मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या गर्दीच्या काळात ही मर्यादा चौदा रात्रींवर येते आणि त्यांतील सातच रात्री खोऱ्यात काढता येतात. ठरलेल्या जागांबाहेर रस्त्याच्या कडेला तंबू ठोकणे किंवा मोटारीत झोपणे यास मनाई आहे. ज्याला जागा मिळाली नाही त्याने उद्यानाबाहेर राहावे आणि दिवसा यावे, ही भूमिका शासनाने स्पष्ट ठेवली आहे.

गिर्यारोहकांचा कॅम्प फोर हा तळ येथे वेगळा उल्लेखिण्यासारखा आहे. मोटारी बाहेर ठेवून सामान हाताने वाहून न्यावयाचे आणि अनोळखी माणसांबरोबर एकच जागा वाटून घ्यावयाची, अशी तेथील रीत. जगातील उभ्या कड्यांवरील आरोहणाचे तंत्र ज्या थोड्या ठिकाणी विकसित झाले, त्यांपैकी हे एक. या तळाजवळ नवीन बांधकामाची योजना पुढे आली तेव्हा गिर्यारोहकांनी तिला विरोध केला आणि २००३ मध्ये या तळाची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. एकही प्रेक्षणीय इमारत नसलेली ही साधी भूमी लोकांच्या वापरामुळेच वारसा ठरली.

तळावरील दिनक्रम

तळावर दुपारपर्यंत जुने प्रवासी जागा रिकामी करतात आणि नवे येतात. आलेल्याने पहिले काम करावयाचे ते तंबू ठोकण्याचे नव्हे, तर अन्न पेटीत ठेवण्याचे. त्याचे कारण पुढे येईल. उन्हाळ्यात खोऱ्यामध्ये शेकोटी पेटविण्यास सायंकाळी पाच ते रात्री दहा एवढीच मुभा असते. शेकडो शेकोट्यांचा धूर कड्यांमध्ये कोंडून राहतो आणि हवा दूषित होते, हे यामागचे कारण. खोऱ्यातील पडलेले लाकूड गोळा करण्यास बंदी आहे. कुजणारे लाकूड हे मातीचे अन्न आणि असंख्य लहान जीवांचे घर असते. प्रत्येकाने एक मोळी नेली तरी एका हंगामात जमीन उघडी पडेल. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळावी लागते.

सायंकाळी तळावरील छोट्या खुल्या रंगमंचावर उद्यानाचे कर्मचारी प्रवाशांशी बोलतात. खडक कसे घडले, हिमनद्यांनी खोरे कसे कोरले, घुबड रात्री कसे ऐकते, अशा विषयांवर सोप्या भाषेत माहिती दिली जाते. योसेमिटीत निसर्गमार्गदर्शनाचा हा उपक्रम १९२० मध्ये सुरू झाला. नियमांची पाटी वाचून माणूस नियम पाळतोच असे नाही. पण नियमामागील कारण उमगले, की तो आपण होऊन पाळू लागतो. शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

अस्वल आणि अन्नाची पेटी

योसेमिटीत सुमारे तीनशे ते पाचशे काळी अस्वले असावीत, असा अंदाज आहे. ही आपल्याकडील अस्वलांपेक्षा निराळी जात होय. गवत, बोरे, ओकची फळे आणि कीटक हा त्यांचा आहार. त्यांची घ्राणशक्ती अत्यंत तीव्र असते आणि एकदा अन्न मिळालेले ठिकाण ती विसरत नाहीत.

प्रारंभी व्यवस्थापनानेच या स्वभावाचा उपयोग करमणुकीसाठी केला. १९२३ पासून खोऱ्यात ठराविक जागी खरकटे टाकून अस्वले जमविली जात आणि प्रवासी दिव्यांच्या उजेडात तो देखावा पाहत. १९४० मध्ये हे प्रकार बंद झाले. परंतु अस्वलांच्या पिढ्यांना माणसाच्या अन्नाची चटक लागून गेली होती. पिले आईकडून शिकत गेली. पुढील दशकांत अस्वले तंबू फाडू लागली, मोटारींची दारे वाकवून आतील डबे पळवू लागली. १९९८ या एका वर्षात अशा दीड हजारांहून अधिक घटना नोंदविल्या गेल्या आणि मालमत्तेचे नुकसान सहा लाख डॉलरच्या वर गेले. माणसांना सरावलेली आणि धीट झालेली काही अस्वले अखेरीस ठार करावी लागली. माणसाने दिलेला घास शेवटी अस्वलाच्या जिवावर बेतत होता.

१९९९ पासून यासाठी केंद्रीय निधी मिळू लागला. जागोजाग लोखंडी पेट्या बसविल्या गेल्या. अस्वलाच्या पंजाला उघडणार नाही, अशी या पेटीची कडी असते. शिधा तर तीत ठेवावाच लागतो. पण साबण, दंतमंजन, रिकामे डबे, किंबहुना वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत बंद करावी लागते. रात्री मोटारीत अन्न ठेवण्यास मनाई आहे आणि नियम मोडणाऱ्यास दंड होतो. कचराकुंड्याही अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा बसविण्यात आल्या. रात्रपाळीचे कर्मचारी तळांवर फिरून उघड्या पेट्या आणि मेजावर विसरलेले अन्न शोधतात. परिणामी पुढील दोन दशकांत अशा घटना नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. अस्वले तीच होती, अरण्यही तेच होते. बदलली ती माणसांची अन्न ठेवण्याची पद्धत.

सुरक्षिततेचे काही कटू धडे

मोठ्या प्राण्यांची भीती सर्वांना असते. पण मुक्कामाच्या जागी खरा धोका कित्येकदा लहान प्राण्यांकडून येतो. २०१२ च्या उन्हाळ्यात योसेमिटीत मुक्काम केलेल्या दहा जणांना हान्टा विषाणूची बाधा झाली आणि त्यांतील तिघे दगावले. हा विषाणू हरीण-उंदीर नावाच्या लहान उंदरांच्या मलमूत्रातून धुळीत मिसळतो आणि श्वासावाटे शरीरात जातो. बाधितांपैकी बहुतेक जण खोऱ्यातील कायम उभारलेल्या, दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिले होते. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून केलेल्या या दोन भिंतींमधील पोकळीत उंदरांनी घरटी केली होती. असे ९१ तंबू बंद करून काढून टाकावे लागले. प्रवाशांची सोय वाढविण्यासाठी केलेला बदल रोगाचे घर ठरला. कोणतेही निवासस्थान उभारताना त्यात उंदीर-घुशींना आसरा मिळणार नाही, हे पाहणे किती महत्त्वाचे आहे, याचा हा पुरावा होय.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये कड्यावरून सुटलेल्या दरडी याच निवासी परिसरावर कोसळल्या आणि कड्याच्या पायथ्याशी असलेल्या दोनशेहून अधिक खोल्या व तंबू कायमचे बंद करण्यात आले. पुढे भूशास्त्रज्ञांनी दरडींच्या धोक्याची रेषा नकाशावर आखून दिली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अप्पर पाइन्स तळावर पहाटे ओकची मोठी फांदी तंबूवर कोसळून दोन मुले मृत्युमुखी पडली. सावली देणारे झाडच घातक ठरू शकते. म्हणून तळावरील जुन्या झाडांची नियमित पाहणी करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य मानले जाते.

नदीने परत घेतलेली जमीन

१९९७ च्या जानेवारीत डोंगरावरील बर्फावर उबदार पाऊस पडला आणि मर्सेड नदीला प्रचंड पूर आला. खोरे दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. एकूण नुकसान सतरा कोटी डॉलरहून अधिक झाले. अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर हे नदीकाठचे दोन तळ पूर्णपणे वाहून गेले आणि खोऱ्यातील जवळजवळ निम्म्या जागा नाहीशा झाल्या.

त्यानंतर दीर्घकाळ वाद चालला. नदीकाठी पिढ्यान्पिढ्या उतरणारी कुटुंबे तळ पुन्हा बांधा म्हणत होती. सामान्य माणसाला परवडणारा मुक्काम तंबूचाच असतो. तो कमी झाला तर उद्यान केवळ सधनांचे होईल, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. उलट बाजूने सांगितले जात होते, की पूर येणारच आहे; पुराच्या पात्रात पुन्हा बांधणे म्हणजे सार्वजनिक पैसा पुन्हा पाण्यात घालणे. न्यायालयीन लढे झाले. अखेर २०१४ मध्ये मंजूर झालेल्या नदी आराखड्यात दोहोंचा विचार झाला : नदीकाठालगतचा पट्टा मोकळा ठेवून त्यावर मूळ वनस्पती वाढू द्यावयाच्या, आणि मुक्कामाच्या काही नव्या जागा सुरक्षित ठिकाणी निर्माण करावयाच्या. पुराने दिलेला निर्णय कागदावर उतरविण्यास सतरा वर्षे लागली.

देखावा आणि निसर्ग

अशाच एका दुसऱ्या निर्णयाचा उल्लेख येथे करावयास हवा. ग्लेशिअर पॉइंट या उंच कड्यावरून रात्री जळते निखारे खाली ढकलून अग्नीचा धबधबा दाखविण्याची प्रथा १८७० च्या दशकात पडली होती. उन्हाळ्यातील हा खेळ पाहण्यासाठी हजारो लोक जमत, कुरणे तुडविली जात आणि मोटारींची कोंडी होई. १९६८ च्या जानेवारीत उद्यान सेवेने तो बंद केला. लोकप्रिय असला तरी हा देखावा कृत्रिम आहे, उद्यान हे नैसर्गिक देखाव्यांसाठी आहे, अशी भूमिका घेण्यात आली.

१९७० च्या ४ जुलै रोजी स्टोनमन कुरणावर जमलेले तरुण आणि उद्यानाचे रक्षक यांच्यात मोठा संघर्ष झाला. त्यानंतर रक्षकांच्या प्रशिक्षणात सुधारणा झाली. त्याच वर्षी खोऱ्याच्या पूर्व टोकाचा काही भाग खासगी मोटारींना बंद करून तेथे विनामूल्य बसगाड्या सुरू करण्यात आल्या. आज तळावर उतरलेला प्रवासी मोटार जागेवरच ठेवून पायी, सायकलने किंवा या बसने फिरू शकतो.

मूळ रहिवाशांचा प्रश्न

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक वेदनादायक इतिहास आहे. प्रवासी येण्यापूर्वी या खोऱ्यात अहवाहनीची या मूलनिवासी लोकांची गावे होती. १८५१ मध्ये मॅरिपोसा पलटणीने खोऱ्यात शिरून त्यांची वस्ती आणि धान्याचे साठे जाळले. पुढे काही कुटुंबे परत आली, उद्यानात मोलमजुरी करू लागली, त्यांच्या टोपल्या प्रवासी विकत घेऊ लागले. परंतु राहण्याचा हक्क हळूहळू उद्यानातील नोकरीशी जोडला गेला. १९६९ मध्ये त्यांच्या वस्तीतील अखेरची घरेही पाडण्यात आली. ज्या भूमीवर पाहुण्यांसाठी शेकडो जागा आखल्या गेल्या, तेथे मूळच्या माणसाला घर उरले नाही. २०१८ मध्ये उद्यान सेवेने या समाजाशी करार करून त्यांच्या जुन्या गावाच्या जागी पारंपरिक वास्तू उभारण्यास आणि विधी करण्यास मान्यता दिली. झालेला अन्याय यामुळे पुसला जात नाही. पण तो मान्य झाला, हेही थोडे नव्हे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झाले. योसेमिटीची पद्धत येथे जशीच्या तशी आणता येणार नाही, हे उघड आहे. ज्या वनात वाघ आहे तेथे माणसांनी तंबूत झोपणे अथवा पायी हिंडणे यास वाव नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांसाठी नवीन निवासव्यवस्था उभारता येत नाही आणि जुन्या कायम सोयी टप्प्याटप्प्याने बंद करावयाच्या आहेत. पर्यटनासाठी गाभा क्षेत्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग वापरता येत नाही. याचा अर्थ असा, की मुक्काम आता वनाच्या आतून वनाच्या सीमेवरील गावांकडे येत आहे. मोहर्ली आणि कोलारा येथे हे दिसून येते.

येथेच ग्रामपंचायतींची जबाबदारी सुरू होते. जो प्रश्न योसेमिटीत उद्यान सेवेने सोडविला, तो आपल्याकडे पंचायतीच्या दारात येऊन उभा आहे. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यास मोठी गर्दी लोटते आणि भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत तंबूंचे तळ पडतात. काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा परस्परांना दिलेला संकेत असतो. मोटारींच्या दिव्यांनी आणि विजेऱ्यांनी तो हरवतो. जमिनीवर बसलेल्या माद्या आणि अळ्या पायाखाली जातात. योसेमिटीतील दबलेल्या मातीचा धडा येथे शब्दशः लागू पडतो.

गावाने काही साध्या गोष्टी आधीच ठरवून ठेवल्या तर बरेच साधेल. तंबूंच्या जागा गावकऱ्यांनी स्वतः निश्चित कराव्यात, त्या मोजक्या असाव्यात आणि एका रात्री किती माणसे राहतील हे ग्रामसभेने ठरवावे. वाहने वेशीजवळ एका ठिकाणी उभी राहावीत. तळ ओढ्याच्या पात्रात, दरडीखाली अथवा वठलेल्या झाडाखाली नसावा. शौचकूप पाणवठ्यापासून दूर असावा. जळण जंगलातून आणू देऊ नये. ध्वनिक्षेपक आणि प्रखर दिवे यांना मनाई असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरकटे उघड्यावर पडता कामा नये. खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील वस्त्यांनी अनुभवले आहे. झाकणाची कचरापेटी ही गावाच्या स्वच्छतेची बाब आहेच. वनालगतच्या गावात ती माणसाच्या आणि वन्यप्राण्याच्या जीविताच्या रक्षणाचीही बाब ठरते.

मुक्कामातून येणारे उत्पन्न कोणाच्या पदरात पडते, हाही विचार व्हावयास हवा. ज्यांनी वनासाठी आपली शेते आणि घरे सोडली, किंवा जे आजही वन्यप्राण्यांमुळे पिकांचे नुकसान सोसत आहेत, त्यांच्या घरी हे उत्पन्न पोचले तर वनाचे रक्षण ही त्यांना आपली बाब वाटेल. योसेमिटीने या बाबतीत फार उशीर केला. आपण तो करण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय उद्यानात राहण्यास गेलेल्या माणसाने सकाळी तंबू उचलल्यावर मागे काय उरले हे वळून पाहावे, अशी तेथील अनुभवी प्रवाशांची रीत आहे. जागेवर विझलेली राख, बंद पेटी आणि न तुडविलेले गवत एवढेच दिसले, तर त्याच जागी दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्याला वन जसेच्या तसे मिळते. महाराष्ट्रातील वनांच्या सीमेवर जी गावे आज पाहुण्यांना बोलावू लागली आहेत, त्यांनी पहिल्या तंबूपासूनच ही रीत लावून दिली, तर पुढे मोठी किंमत मोजून ती लावण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.